काळीवर वसलेली पांढरी : किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्रचनेचा आरंभकाळ

मराठी मुलखातील जुन्या महसुली कागदपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द बहुधा जोडीने येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, गावठाण. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरे बांधली जातात, पडतात, चुलीची राख आणि भिंतींची माती एकमेकांत मिसळते आणि वस्तीची भूमी पांढुरकी होते, यावरून हे नाव पडले. मराठवाड्यात या शब्दाला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. ही पांढरी माती पाणी सहजासहजी झिरपू देत नाही. म्हणून तीच घराच्या माळवदावर पसरावयाची, आणि पावसाळ्यापूर्वी तिच्यावर नवा थर द्यावयाचा, अशी रीत होती. गाव ज्या मातीवर वसले, तीच माती गावाच्या डोक्यावरही असे.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास ही माती निजलेल्या माणसांवर कोसळली. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत, मुख्यत्वे औसा, निलंगा आणि उमरगा या तालुक्यांत, सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. अन्य गणनांत हा आकडा याहून मोठा आहे. पुढे शासनाने बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून शेतजमिनीवर नव्याने वसविली. म्हणजे काळीवर पांढरी वसली. या घटनेचा भूशास्त्रीय आणि प्रशासकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा आहे. तेव्हा पुनर्रचनेचे नेतृत्व करणाऱ्यांनी आरंभीच्या महिन्यांत जे शब्द योजिले, त्या शब्दांनी पुढच्या कामाला कोणते वळण लावले, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम घराविषयी. या भागातील घराच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या, दोन-अडीच फूट आणि कित्येकदा त्याहूनही जाड असत. भिंतीचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसेच. जुन्या व बेताच्या सुस्थितीतील घरांत माळवदाचा भार या भिंतींवर नव्हे, तर लाकडी खांबांवर असे. दोन खांबांमधील जागा म्हणजे 'खण', आणि घराचे मोजमाप याच शब्दाने व्हावयाचे: तीन खणांचे घर, पाच खणांचे घर. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना अनेक ठिकाणी असे आढळले की, भिंती विस्कटून पडल्या आहेत, परंतु खणांचा सांगाडा उभा आहे. लाकूड महाग झाल्यावर ज्यांनी खांबांना फाटा देऊन तुळया थेट दगडी भिंतींवर टेकविल्या, त्यांच्या घरांत भिंतीबरोबर माळवदही खाली आले. तेव्हा 'खण' हा शब्द केवळ मोजमापाचा नव्हता. घर कशावर उभे आहे, याचे ज्ञान त्या शब्दात साठविलेले होते. ते ज्ञान भूकंपाच्या आधीच क्षीण होऊ लागले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. सगळा दोष नंतर आलेल्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असेही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने किल्लारीच्या परिसरास लहान लहान धक्के बसत होते आणि जमिनीतून आवाज ऐकू येत होते. परंतु त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात दाखविलेला होता. दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने एकदा हादरली होती. तथापि कोयनेचा संबंध धरणाच्या पाण्याशी जोडला गेल्यामुळे कोयनेपासून दूरच्या माळरानावरील लोक आपणांस निर्धास्त समजत राहिले असावेत.

भूकंपानंतरच्या पहिल्या आठवड्याचे चित्र वर्तमानपत्रांतून सर्वांसमोर आले होते. लेखक त्या वेळी शाळेत होता, आणि गल्लीतील वडीलधारी मंडळी अंगणात बाजा टाकून निजत असल्याचे त्यास स्मरते. आमच्या गावी भिंतीला तडाही गेला नव्हता. पण दगडाचे भय शंभर कोसांवर पसरले होते. प्रत्यक्ष जागेवर पावसाने मदतकार्यात अडथळा आणला. सैन्य आले, देशभरातून स्वयंसेवक आले. पडक्या घरांचे लाकूडच सामुदायिक चितांना वापरावे लागले. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी भूकंपग्रस्त भागात पोहोचले, आणि लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांच्यावर त्या जिल्ह्यातील यंत्रणा चालविण्याचा भार पडला. शासन वेगाने हलले, हे टीकाकारांनीही मान्य केले आहे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, तेही याच काळात.

वेगाच्या या दिवसांतच सर्वांत मोठे आश्वासन दिले गेले: अतिशय हानी झालेली गावे नव्या, सुरक्षित जागी वसविली जातील आणि घरे शासन व दानशूर संस्था बांधून देतील. हा निर्णय वरून लादला गेला असे म्हणता येत नाही. ज्या दगडांखालून स्वतःची मुले काढली, त्याच दगडांनी त्याच जागी पुन्हा भिंत रचा असे त्या माणसांना कोणी सांगावे? जागा बदला ही मागणी लोकांचीच होती. आमच्या मते प्रश्न निर्णयाचा नाही. निर्णय अमलात आणताना जी परिभाषा रूढ झाली, तिचा आहे.

त्या परिभाषेतील पहिला शब्द 'दत्तक'. अनेक संस्थांनी व उद्योगसमूहांनी एकेक गाव 'दत्तक घेतले'. शब्द मायेचा आहे, यात शंका नाही. परंतु दत्तक घेतात ते मुलाला. आणि दत्तकाचे नाव, घर, रीत ही दत्तक घेणाऱ्या कुळाची होतात. कित्येक शतकांची वहिवाट असलेले, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वेस, पार आणि चावडी असलेले गाव या शब्दाने एका रात्रीत अजाण ठरले. घराचा आराखडा, भिंतीचे साहित्य, रस्त्याची रुंदी ही दत्तक घेणाऱ्याने ठरवावयाची हे मग ओघानेच आले. दुसरा शब्द 'लाभार्थी'. ज्याचे घर पडले तो घरमालक होता. यादीत त्याचे नाव चढले, तेव्हा तो लाभार्थी झाला. लाभार्थ्याला काय हवे हे विचारीत नाहीत. तो पात्र आहे की अपात्र, एवढेच तपासतात.

तिसरा बदल मोजमापाचा. खण गेला आणि चौरस फूट आले. स्थलांतरित गावांत तीन आकारांची घरे ठरविण्यात आली: भूमिहीन व अत्यल्प भूधारकांस २५० चौरस फुटांचे, मध्यम भूधारकांस ४०० चौरस फुटांचे, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५० चौरस फुटांचे. म्हणजे काळीवर ज्याचा हक्क जितका, तितके त्याचे पांढरीवर घर. जुन्या गावातही मोठ्या शेतकऱ्याचा वाडा मोठाच होता, हे खरे. परंतु त्या गावात कुंभाराचे अंगण आणि सुताराचा ओटा त्यांच्या जमिनीवरून ठरत नव्हता, त्यांच्या कामावरून ठरत होता. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही त्या कारागिरांच्या कामाला नव्या कोष्टकात रकानाच नव्हता. शिवाय कित्येक आराखड्यांत एका आकाराची घरे एकत्र मांडली गेली. त्यामुळे भावाभावांची, शेजाऱ्याशेजाऱ्यांची घरे दूर पडली. जुन्या अरुंद बोळांच्या जागी काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आले, गावाचा विस्तार कित्येक पटींनी वाढला, आणि त्यासाठी पिकाची जमीन संपादन करावी लागली. काळ्या जमिनीत पाया घेणे किती अवघड असते, हे या भागातील कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पूर्वजांनी वस्ती पांढरीवर आणि पीक काळीवर ठेवले होते, त्यामागे हेही एक कारण असावे.

नवी घरे पूर्ण होईपर्यंत कुटुंबांनी पत्र्याच्या निवाऱ्यांत काही उन्हाळे काढले. नवी घरे भूकंपास टिकणारी होती, आणि हा लाभ लहान नव्हे. तेथे राहणाऱ्यांनी पुढे आपापल्या परीने भिंती घातल्या, गोठे काढले, पडव्या जोडल्या. त्या जोडकामाकडे अधिकारी 'अनधिकृत बांधकाम' म्हणून पाहत असतील. आम्हांस ते लाभार्थ्याचे पुन्हा घरमालक होणे वाटते.

आता दुसऱ्या, कमी गाजलेल्या निर्णयाकडे वळू. भूकंपाने पूर्ण पडलेल्या घरांपेक्षा तडे गेलेली घरे कितीतरी अधिक होती. तेरा जिल्ह्यांत मिळून ती दोन लाखांच्या आसपास भरली. इतकी घरे कोणी दत्तक घेणार नव्हते. जागतिक बँकेच्या साह्याने १९९४ मध्ये जो महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला, त्यात या घरांसाठी वेगळी वाट धरण्यात आली: रक्कम हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती द्यावयाची, अभियंत्याने मार्गदर्शन करावयाचे, आणि काम मालकानेच करवून घ्यावयाचे. येथे घरमालक हा शब्द जिवंत राहिला, कारण त्याच्यावाचून योजना चालणारच नव्हती.

तरीही आरंभी योजना चालेना. एक तर शेजारच्या गावास सबंध नवे घर मिळत असता आपणांस दुरुस्ती का, हा रास्त राग. दुसरी अडचण पुन्हा शब्दाची. सरकारी नाव होते 'दुरुस्ती व मजबुतीकरण'. खेड्यातील माणसाच्या कानाला दुरुस्ती म्हणजे डागडुजी. डागडुजी तर तो दरवर्षी करीतच होता: माळवदावर माती टाकणे, भिंतीला लिंपण करणे. म्हणजे ज्या कामाने छताचा भार वाढत गेला, त्याच कामाचे नाव नव्या उपायाला मिळाले. 'मजबुतीकरण' हा तर कोशातही न सापडणारा, कचेरीत घडविलेला शब्द. माळवदाची माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा घाला, भिंतींना वरून बांधणारा पट्टा फिरवा, हा खरा उपाय होता; आणि तो सांगावयास चार सोपी वाक्ये पुरेशी होती. पण ती वाक्ये आराखड्यांत व परिपत्रकांत अडकून पडली. अनेकांना दगडी भिंत वाचविण्यापेक्षा ती सोडून मिळालेल्या पैशांत विटा-सिमेंटची एक लहानशी खोली बांधणेच बरे वाटले, आणि पुष्कळांनी तसेच केले.

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी शासनाने 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेस लोकसहभागाच्या कामी सल्लागार नेमले. प्रेमा गोपालन या तिच्या प्रमुख होत्या. या व्यवस्थेत गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. सरकारी परिभाषेत क्वचितच इतके नेमके नाव सापडते. या बायकांनी अभियंत्याचे म्हणणे घराघरांत नेले आणि घराघरांतील म्हणणे अभियंत्यापर्यंत आणले. हप्ता कोठे अडला आहे, गवंडी पट्टा टाळीत आहे काय, मालाचा दर्जा कसा आहे, यांवर लक्ष ठेवले. घराची डागडुजी, लिंपण, सारवण हे सारे पूर्वापार स्त्रियांचेच काम. तेव्हा भिंतीची भाषा त्यांना अधिकाऱ्यांहून चांगली येत होती यात नवल नाही. नवल याचे की, हे प्रशासनाच्या ध्यानात आले. येथे परदेशी व त्यांच्या सहकाऱ्यांस श्रेय दिले पाहिजे. आपले काम आपल्या शब्दांत पोहोचत नाही, हे मान्य करणे अधिकारपदावरील माणसास सोपे नसते.

दोन्ही मार्गांची तुलना करताना एक सावधगिरी ठेवावी लागते. बावन्न गावांची स्थिती आणि तडे गेलेल्या गावांची स्थिती सारखी नव्हती. पहिल्यांत दुःख इतके दाट होते की, तेथे पहिल्या महिन्यांत संवाद सहायकाने कोणाशी काय बोलावे, हा प्रश्नच होता. म्हणून स्थलांतराचा निर्णय घेणाऱ्यांस आम्ही दोषी धरीत नाही. परंतु निवारा तातडीने द्यावयाचा आणि घर मात्र सावकाश, विचारून बांधावयाचे, हा भेद त्या वेळी पाळता आला असता. पत्र्याच्या निवाऱ्यांत गेलेला काळ अन्यथाही मोठाच होता. त्या काळात खणांविषयी, गोठ्याविषयी, कुंभाराच्या अंगणाविषयी विचारपूस करण्यास सवड नव्हती असे म्हणता येणार नाही.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा गुजरात शासनाने बहुतांश घरे मालकांकडूनच बांधून घेण्याचे धोरण स्वीकारले. त्या धोरणामागे किल्लारीच्या दोन्ही अनुभवांचा विचार होता. लातूर-उस्मानाबादच्या संवाद सहायक स्त्रियांपैकी काही त्या वेळी कच्छला गेल्या. तेथील बायकांची बोली त्यांना येत नव्हती आणि यांची त्यांना. तरी पडलेल्या भिंतीपाशी उभे राहून आरपार दगड कोठे हवा होता, हे दाखविण्यास दुभाष्याची फारशी गरज पडली नसावी.