रसद आणि रुग्ण : २०२० ची टाळेबंदी आणि एचआयव्हीचे उपचार

  साथींचा इतिहास सांगताना आपण साथीत मेलेल्यांचे आकडे सांगतो. पण त्या काळात ज्यांना दुसराच आजार होता, त्यांचे काय झाले? आज त्यांच्याविषयी बोलू.

थोडी पार्श्वभूमी. भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासमध्ये मिळाला. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. तेव्हा या आजारावर औषध नव्हते. पुढे आले ते न परवडणारे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला आणि चित्र पालटले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने आठ सरकारी रुग्णालयांत हे औषध मोफत सुरू केले. २०२० उजाडेपर्यंत देशात साडेपाचशेहून अधिक एआरटी केंद्रे होती आणि तेरा लाखांहून अधिक लोक रोज ही गोळी घेत होते.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी लागू झाली. प्रवासी रेल्वेगाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. बहुतेक रुग्णांच्या हाती महिन्याभराचे औषध असे, कुणाकडे आठवड्याचेच उरलेले.

चार दिवस गोळी चुकली तर काय बिघडते, असे कुणी विचारील. तेव्हा आपल्याकडे तीन औषधे एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाई. त्यातले एफाविरेन्झ रक्तात बरेच दिवस रेंगाळते, बाकीची दोन लवकर उतरतात. गोळी अचानक थांबली की विषाणूसमोर एकटे एफाविरेन्झ उरते आणि त्याला दाद न देणारा विषाणू माजण्याची शक्यता वाढते. पुन्हा गोळी सुरू केली तरी ती पूर्वीसारखी लागू पडेलच असे नाही.

आता खरी अडचण ऐका. कितीतरी रुग्ण आपल्या तालुक्यातल्या केंद्रात जातच नाहीत. ओळखीचे कुणी पाहील म्हणून दोन जिल्हे ओलांडून, एसटीने किंवा रेल्वेने, लांबच्या शहरातून औषध आणतात. अंतर हीच त्यांची आडोशाची भिंत. टाळेबंदीत ती भिंत त्यांच्याच वाटेत उभी राहिली. नाक्यावर पोलीस विचारणार, कुठे चाललात? खरे कारण सांगावे तर आजार उघड होतो, न सांगावे तर परत फिरावे लागते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कुणालाही आपली लागण सांगायला भाग पाडता येत नाही. पण भर उन्हात बॅरिकेडसमोर उभ्या माणसाला कायद्याचे कलम कितीसे उपयोगी पडणार? मुंबई-सुरतेहून गावी परतलेल्या मजुरांची कोंडी तर दुहेरी. औषधाचे कार्ड एका राज्यात, माणूस दुसऱ्या राज्यात, आणि विलगीकरणाच्या खोलीत शेजारी दहा जण.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, मार्चमध्येच सूचना काढल्या. तीन महिन्यांचे औषध एकदम द्या, जवळच्या कुठल्याही केंद्रातून घेऊ द्या, शक्य तिथे घराजवळ पोचवा. आम्हा फौजी माणसांना हे लगेच उमजते. झोजीला हिवाळ्यात बंद व्हायच्या आत लडाखच्या ठाण्यांवर महिनोन् महिन्यांचा साठा चढवावा लागतो. इथे मात्र खिंड आधी बंद झाली आणि साठा मागाहून चढवायचा होता. तीन महिन्यांचे द्यायचे तर केंद्राकडे तिप्पट माल हवा, आणि तो आणणारे ट्रक हवेत. हे काम केंद्रांचे कर्मचारी आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांचे कार्यकर्ते यांनी ओढून नेले. चिठ्ठी नसलेली साधी पिशवी दारात ठेवायची, हेही त्यांनाच ठाऊक होते.

भारतातली रसद अडली की जगाची अडते. जगात वापरल्या जाणाऱ्या जेनेरिक एचआयव्ही औषधांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक औषधे भारतात बनतात, आणि त्यांचा बराच कच्चा माल चीनमधून येतो. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी इशारा दिला, की सहा महिने उपचार खंडित झाले तर आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील देशांत पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू होऊ शकतील. जुलैमध्ये ७३ देशांनी औषध संपण्याची भीती कळवली. २४ देशांत साठा तळाला गेला होता किंवा पुरवठा विस्कळीत झाला होता.

तो अंदाज त्या प्रमाणात खरा ठरला नाही. ग्लोबल फंड ज्या देशांत काम करतो, तिथे २०२० मध्ये उपचार घेणाऱ्यांची संख्या उलट वाढली. पण त्याच देशांत एचआयव्ही चाचण्या २२ टक्क्यांनी घटल्या. अर्थ स्पष्ट आहे. जे यादीत होते, त्यांच्यापर्यंत गोळी पोचली. ज्यांची चाचणीच झाली नाही, त्यांचे नाव कुठल्याच यादीत आले नाही. त्यांच्या घरी पिशवी घेऊन कोण जाणार होते?

वेढ्याचा इतिहास लिहिताना किल्ल्यातल्या धान्याचा हिशेब मांडतात, तसा साथीचा इतिहास लिहिताना हाही हिशेब मांडायला हवा. पुढची साथ सांगून येणार नाही. तीन महिन्यांचा साठा रुग्णाच्या घरात शांततेच्या काळातच असला पाहिजे. आणि त्याहून मोठे काम म्हणजे, जवळच्या केंद्रात जायला माणसाला लाज वाटू नये. ते कुठल्याही ट्रकने पोचत नाही. ते तुमच्या-माझ्या गल्लीत ठरते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.