विधवादंड: अमेरिकी नागरिकत्वाच्या कायद्यातील एक भेद

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत बचावासाठी शिरलेले अग्निशमन दलाचे ३४३ जण परतले नाहीत. शहर पोलिसांचे २३ आणि बंदर प्राधिकरणाच्या पोलिसांचे ३७ जण त्याच दिवशी गेले. या शोकातच इमिग्रेशन कायद्यातील एक जुनी, कोरडी अट उघडी पडली.

अमेरिकी नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला ग्रीन कार्ड मिळे ते जोडीदाराच्या अर्जावर. जोडीदार वारला की अर्जाचा आधारच जाई. विवाहाला दोन वर्षे झालेली असतील, तर विधवेला स्वतः अर्ज करता येई. त्याआधी मृत्यू ओढवला, तर ती कायद्याच्या लेखी पुन्हा परकी! या नियमाला पुढे ‘विधवादंड’ असेच नाव पडले.

२६ ऑक्टोबर २००१ रोजी पेट्रिअट कायदा झाला. पाळत आणि स्थानबद्धता यांसाठी तो कुप्रसिद्ध आहे, आणि ते रास्तच. परंतु त्याच कायद्याने हल्ल्यात मृत्यू पावलेल्या नागरिकांच्या परदेशी जोडीदारांना दोन वर्षांची अट माफ केली, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच कायद्यात मोहम्मद सलमान हमदानी या २३ वर्षांच्या तरुणाचे नाव आहे. कराचीत जन्मलेला हा न्यूयॉर्क पोलिसांचा कॅडेट मदतीसाठी धावला असावा, अशी नोंद कायदा करतो; बाहेर मात्र त्याच्याकडे संशयाने पाहिले जात होते. २००२ मध्ये ढिगाऱ्यातील त्याच्या अवशेषांची ओळख पटली, तेव्हा तो संशय फिटला.

ही सवलत त्या हल्ल्यांपुरतीच होती. नंतर एखाद्या साध्या आगीत जवान गेला, तर त्याच्या पत्नीला जुनाच नियम लागू. विधवादंड सर्वांसाठी रद्द व्हायला ऑक्टोबर २००९ उजाडले.

तोही प्रश्न केवळ वास्तव्याचा. नागरिकत्वाचा भेद याहून खोल आहे. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या जोडीदारासाठी १९६८ सालीच कायद्यात कलम घालण्यात आले: ठरावीक वर्षे देशात राहण्याची अट नाही. २००३ साली, इराक युद्धाच्या काळात, हा लाभ सैनिकाची मुले आणि आईवडील यांनाही मिळाला. कलमाचे शब्द सशस्त्र दलांपुरते होते. अग्निशामक आणि पोलीस त्यात बसत नव्हते. नागरिकाच्या परदेशी पत्नीला एरवी पाचाऐवजी तीन वर्षांत नागरिकत्व मागता येते. पती वारला की ही वाट बंद होते आणि तिला पाच वर्षे भरावी लागतात.

याचे कारण बहुधा राज्यरचनेत आहे. सैनिक संघराज्याचा, अग्निशामक नगराचा वा परगण्याचा. नागरिकत्व देणे हा संघराज्याचा अधिकार, म्हणून त्याने आपल्याच सेवकांची कुटुंबे आधी पाहिली. मात्र हा बचाव पुरता टिकत नाही. कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या स्थानिक पोलीस व अग्निशामकांच्या कुटुंबांना ५०,००० डॉलर देण्याचा कायदा याच संघराज्याने १९७६ साली केला होता. म्हणजे या मृत्यूंचे ऋण वॉशिंग्टनने पैशात मान्य केले होते. नागरिकत्वाच्या कलमात सैनिकाशेजारी अग्निशामकाला मात्र जागा दिली नव्हती.