फिरस्ता बचावपटू आणि अल्पायुषी क्लब : अनस एडथोडिका यांच्या कारकिर्दीच्या आधारे भारतीय व्यावसायिक फुटबॉलचा एक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा विजेत्यांभोवती फिरते. कर्णधार, विक्रमवीर आणि अंतिम सामन्यात गोल करणारा आघाडीचा खेळाडू यांची चरित्रे लिहिली जातात. परंतु कोणताही व्यवसाय केवळ त्याच्या शिखरावरील व्यक्तींमुळे उभा राहत नाही. कराराच्या मुदतीनुसार एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाणारा, नेमून दिलेले काम चोख करणारा आणि पुढील हंगामाची शाश्वती नसलेला खेळाडू हा व्यावसायिक फुटबॉलचा खरा आधार होय. इंग्रजीत अशा खेळाडूस 'जर्नीमन' म्हणतात. या शब्दाचा प्रवासाशी संबंध असावा असे वाटते, परंतु त्याचे मूळ दिवसभराचे काम या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. उमेदवारी पूर्ण केलेला, कसबी, पण स्वतःची पेढी नसलेला रोजंदारीचा कारागीर हा त्याचा मूळ अर्थ. प्रस्तुत लेखात हाच अर्थ प्रमाण मानला आहे.

अभ्यासाचा उद्देश व मर्यादा :

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोंडोट्टी येथील मध्यबचावपटू अनस एडथोडिका (जन्म 1987) यांच्या कारकिर्दीच्या आधारे भारतीय क्लब-व्यवस्थेच्या स्थैर्याचा विचार करणे हा या लेखाचा उद्देश आहे. त्यांच्या कारकिर्दीचा पाया मुंबई व पुणे या दोन शहरांत घातला गेला, हे महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. साधनांची एक मर्यादा प्रारंभीच नमूद केली पाहिजे. सामन्याच्या वृत्तांतात गोल करणाऱ्याचे नाव येते. न झालेल्या गोलची नोंद मात्र कोठेही होत नाही. त्यामुळे बचावपटूचा इतिहास त्याच्या कामगिरीच्या आकड्यांपेक्षा त्याच्या करारांतून, स्थलांतरांतून आणि क्लबांच्या भवितव्यातूनच अधिक वाचावा लागतो.

पार्श्वभूमी : नोकरीकडून कराराकडे

मुंबईच्या फुटबॉलला दीर्घ परंपरा आहे. 1891 मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा आणि कूपरेजचे मैदान ही तिची ठळक चिन्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया यांसारख्या आस्थापनांच्या संघांनी हे मैदान गाजविले. आस्थापनांच्या संघांच्या या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, खेळाडूला खेळाच्या निमित्ताने नोकरी मिळे आणि खेळ संपल्यावरही ती टिके. मिळकत मर्यादित होती, पण वृद्धापकाळाची सोय होती.

1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि 2007 मध्ये आय-लीग सुरू झाली. क्लबांनी व्यावसायिक व्हावे हे धोरण योग्यच होते. परंतु त्यामुळे खेळाडूचे नोकरदारातून कंत्राटी कामगारात रूपांतर झाले आणि त्याची सुरक्षितता सर्वस्वी क्लबच्या आयुष्यावर अवलंबून राहिली. 2005-06 चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड हा संघ 2010 मध्ये बंद झाला, तेव्हाच या बदलातील धोका स्पष्ट झाला होता.

कारकीर्द : मुंबई ते मलप्पुरम

तरुणपणी काही काळ रिक्षा चालविणारे अनस 2007 मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या मुंबई एफसीत दाखल झाले. 2008 मध्ये या संघाने आय-लीगच्या द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. 2011 मध्ये अनस पुणे एफसीत आले. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळणारा हा संघ डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2012-13 च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसऱ्या स्थानी राहिला. म्हणजेच वयाच्या विसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचा, खेळाडू घडण्याचा संपूर्ण काळ अनस यांनी महाराष्ट्रात घालविला. या काळात राष्ट्रीय संघाचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुणे एफसी बंद झाल्यावर 2015 मध्ये अनस दिल्ली डायनामोज संघात गेले. तेथे ब्राझीलचे विख्यात बचावपटू रॉबर्टो कार्लोस खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत होते. पुढे मोहन बागानकडून खेळताना 2016-17 च्या आय-लीगमध्ये त्यांच्या संघाचे विजेतेपद आयझॉलपुढे अवघ्या एका गुणाने हुकले.

22 मार्च 2017 रोजी नॉम पेन्ह येथे कंबोडियाविरुद्ध अनस प्रथमच भारताकडून खेळले. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत झालेल्या खेळाडू-निवडीत जमशेदपूरने त्यांना पहिल्याच क्रमांकावर निवडले; 1 कोटी 10 लाख रुपये ही त्या निवडीतील सर्वोच्च रक्कम होती. दहा वर्षांच्या कष्टांचे मोल असे एका दिवसात ठरले, आणि तेही कारकिर्दीच्या उतरणीच्या तोंडावर. त्यानंतर केरळ ब्लास्टर्स, 2019-20 चा विजेता एटीके, पुन्हा जमशेदपूर, गोकुलम केरळ आणि 2024 मध्ये मलप्पुरम एफसी असा त्यांचा प्रवास झाला.

आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा शेवट तर बचावपटूच्या नशिबाचे प्रतीकच ठरावा. 14 जानेवारी 2019 रोजी शारजा येथे आशियाई चषकात बहारीनविरुद्ध अनस चौथ्याच मिनिटाला दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेले. अखेरच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर भारत 0-1 असा पराभूत झाला आणि स्पर्धेबाहेर पडला. दुसऱ्याच दिवशी अनस यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी नव्या प्रशिक्षकांच्या बोलावण्यावरून ते काही काळ परतले, तरी ते पर्व प्रत्यक्षात तेथेच संपले होते.

विश्लेषण : खेळाडू फिरतो की क्लब?

वरील वृत्तांत वाचताना अनस हे क्लब बदलणारे खेळाडू वाटतात. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. 2007 ते 2020 या काळात ते ज्या सात क्लबांकडून खेळले, त्यांपैकी चार आज त्या रूपात अस्तित्वात नाहीत. पुणे एफसी 2015 मध्ये आणि मुंबई एफसी 2017 मध्ये बंद झाले. दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला गेला व त्याचे नाव ओडिशा एफसी झाले. एटीके 2020 मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल विभागात विलीन झाला. एकट्या पुण्यात भारत एफसी एका हंगामानंतर, डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये आणि एफसी पुणे सिटी 2019 मध्ये लोपले.

या ठिकाणी इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील खेळाडूंचा लढा क्लबच्या जाचक पकडीविरुद्ध होता. आठवड्याला वीस पौंड ही कमाल वेतनमर्यादा 1961 मध्ये उठली. जॉर्ज ईस्टहॅम प्रकरणात 1963 मध्ये न्यायालयाने खेळाडूस अडवून ठेवण्याची पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरविली. आणि 1995 च्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूस युरोपीय संघात हस्तांतरण-शुल्काविना जाण्याची मुभा दिली. तेथे क्लब स्थिर होते, म्हणून फिरण्याचे स्वातंत्र्य हा हक्क ठरला. आपल्याकडे क्लबच उठून जातो. त्यामुळे फिरणे हा हक्क न राहता नाइलाज ठरतो.

आघाडीच्या खेळाडूपेक्षा बचावपटूला याची झळ अधिक बसते. बचाव ही सामूहिक कला आहे. शेजारचा सहकारी कधी पुढे सरकेल आणि गोलरक्षक कोणता चेंडू सोडेल, हे जाणण्यास हंगामामागून हंगाम एकत्र खेळावे लागते. संघ विसर्जित झाला की ही कमावलेली जाण तेथेच विरते आणि नव्या गावी आरंभापासून सुरुवात करावी लागते. गोलांची संख्या सोबत नेता येते. परस्परविश्वास नेता येत नाही.

निष्कर्ष :

1. भारतीय फुटबॉलच्या व्यावसायिकीकरणाने वेतन वाढविले, परंतु आस्थापनांच्या संघांनी दिलेल्या सुरक्षिततेला पर्यायी व्यवस्था उभी केली नाही.

2. अनस यांच्या कारकिर्दीतील अनेक स्थलांतरांमागे वैयक्तिक निवडीइतकेच संस्थात्मक अस्थैर्यही आहे. म्हणून अशा कारकिर्दी संस्थांच्या इतिहासाचे साधन ठरतात.

3. मुंबई व पुणे येथील बंद झालेल्या क्लबांचे करारनामे, संघयाद्या आणि खेळाडूंच्या आठवणी संकलित करण्याचे काम महाविद्यालयांतील इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी संयुक्तपणे हाती घ्यावे. क्लब बंद झाला की त्याचे दप्तरही नाहीसे होते.

जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा आगामी हंगाम स्थगित झाला तेव्हा अनेक खेळाडूंपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. हा प्रश्न नवा नव्हता. 2015 मध्ये बालेवाडीच्या मैदानावरून बाहेर पडलेल्या प्रत्येक खेळाडूने तो अनुभवला होता. कारागीर कितीही कसबी असला, तरी कारखाना टिकणे त्याच्या हाती नसते. त्याच्या कसबाचा आदर करणाऱ्या समाजाने कारखान्याच्या पायाचाही विचार करणे अगत्याचे आहे.