पत : सावकाराच्या चोपडीपासून बँकेच्या अहवालापर्यंत

मराठीतला 'पत' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. माणसाची अब्रू हा त्याचा एक अर्थ, आणि उधार देण्याजोगा विश्वास हा दुसरा. आपल्या पूर्वजांना हे दोन अर्थ वेगळे करावेसे वाटले नाहीत. आज मात्र एखादा तरुण घरासाठी कर्ज मागावयास बँकेत जातो, तेव्हा त्याची पत तीन आकडी संख्येत सांगितली जाते. हा प्रवास कसा घडला, हे आपल्या कुटुंबांनी जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

कुंडलिकेच्या काठी वसलेले रोहे हे भाताचे गाव. कुलाबा जिल्ह्यात खोतीचा अंमल होता. कुळाला अडीनडीला धान्य वा पैसा लागे, तो खोताकडून किंवा सावकाराकडून. व्यवहाराची नोंद देणाऱ्याच्या चोपडीत होई आणि घेणाऱ्याचा फक्त अंगठा उठे. किती फेडले, किती उरले, हे चोपडी सांगेल तेच खरे. या नोंदींविषयीचा राग देशावर १८७५ साली उफाळून आला. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, आणि तो वणवा इतर गावांत पसरला. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कोणती, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा अधिकार दिला. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यामागे जर्मनीतील राइफायझन यांच्या ग्रामसंस्थांची कल्पना होती : गावातली माणसे एकमेकांना ओळखतात, म्हणून त्यांनी एकमेकांची हमी घ्यावी. वसईच्या कॅथलिक समाजाने १९१८ मध्ये उभारलेली पतसंस्था, जिची पुढे बँक झाली, ती याच विचाराच्या काळातली. तेथे माणसाची वागणूक हीच त्याची खातेवही होती. या पद्धतीत माया होती, तसाच पक्षपातही होता. पंचांच्या मर्जीबाहेर असलेल्यास तेथेही दार बंदच राही.

भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे रोह्याशी नाते होते, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, ती बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. तिने १९५१-५२ मध्ये केलेल्या ग्रामीण पतपाहणीचा निष्कर्ष विदारक होता. खेड्यातील कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होते, सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता आणि व्यापारी बँकांचा १ टक्काही नव्हता. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा तालुक्यांपर्यंत पोहोचल्या, आणि धाटावच्या कारखान्यांतील कामगाराच्या हाती पासबुक आले.

ओळखीची जागा कागदाने घेतली, आणि पुढे कागदाची जागा संगणकाने. २००० साली 'सिबिल' ही संस्था स्थापन झाली आणि २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. बँका दिलेल्या कर्जांची माहिती त्यांना पुरवितात आणि तीवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा अंक ठरतो. हप्ता वेळेवर गेला की चुकला, हे त्यात महिनावार दिसते. थकलेले कर्ज काही रक्कम सोडून तडजोडीने मिटविले, तर तीही नोंद राहते. बचत खात्यातील शिल्लक या अहवालात नसते, पण कर्ज देण्यापूर्वी बँक खात्याचा उतारा मागते, आणि परत गेलेला धनादेश तेथे लपत नाही.

आमच्या वाचकांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली जामीनकीची. आपल्याकडे भिडेखातर सही देणारे पुष्कळ. मित्राचे कर्ज थकले की त्याचा डाग जामीनदाराच्या अहवालावरही पडतो, आणि मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तो अवचित समोर येतो. दुसरी, ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतले नाही त्याची. कोणाचे देणे न लागणारा हा माणूस जुन्या हिशेबाने सर्वांत पतवान. अहवालात मात्र त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काहीच नसते, आणि हे मौन त्याच्या विरुद्ध जाऊ शकते.

नोंद चुकीची असेल तर? २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चूक दाखवून दिल्यास ३० दिवसांत तिचा निकाल लावावा लागतो. १८७९ चा शेतकरी जो उतारा मागू शकत होता, त्याचाच हा आजचा अवतार होय.

परंतु हा हिशेब एकतर्फी आहे, याची जाणीव पेणने आपल्याला करून दिली. सप्टेंबर २०१० मध्ये तेथील अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांचे आरोप झाले, आणि प्रामाणिक ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. त्यांच्या स्वतःच्या खात्यांवर कसलाही डाग नव्हता. ठेवविम्याची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती. ती २०२० मध्ये ५ लाख झाली, आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. पेणच्या ठेवीदारांसाठी हे सारे उशिराच आले.

बँक आपली पत तपासते, तशी आपणही बँकेची तपासावी. सभासद असाल तर वार्षिक सभेस जावे, ताळेबंद वाचावा, न समजले तर विचारावे. सुप्याच्या शेतकऱ्यांपुढे कागद जाळण्यावाचून मार्ग उरला नव्हता. आपल्याला तो वाचता येतो. वर्षातून एक सायंकाळ घरातील मोठ्यांनी मुलांना जवळ बसवून पासबुके, जामीनकीचे कागद आणि पतअहवाल एकत्र पाहावेत. आजोबांचा अंगठा जेथे उठला, तेथे नातवाने वाचून मगच सही करावी, एवढेच आमचे सांगणे.