चांद्याचे शहा आणि इस्लामचे शब्द

जकात म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नाका उभा राहतो: आडवा बांबू, खोळंबलेली गाडी आणि हातात पावती. इस्लाममध्ये मात्र जकात ही उपासना आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा गरजूंना देणे हे मुसलमानाचे कर्तव्य, धर्माच्या पाच स्तंभांपैकी एक. ‘इमान’ म्हणजे मूळ अर्थाने ईश्वरावरची निष्ठा. मराठीत ते इमानदार नोकराच्या आणि बेइमान मित्राच्या गोष्टीत येते. धर्माने मान्य केलेले ते ‘हलाल’. मराठीत एखाद्याला हलाल करणे म्हणजे त्याचा छळ मांडणे. याचा अर्थ असा की धर्माचे शब्द आणि धर्मातली श्रद्धा एकाच गाडीने प्रवास करतात असे नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली, म्हणजे जुना चांदा, या जिल्ह्यांचा इतिहास वाचताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर वाचणारा हमखास वाट चुकतो. या रानात इस्लामी जगाचे शब्द चांगले मुरले. श्रद्धा मात्र रानातल्या वस्त्यांत रुजली नाही. असे का झाले, याचे उत्तर राजाच्या पदवीत सापडत नाही, तलावाच्या पाळीवर सापडते.

आधी श्रद्धा कोणती ते पाहू. इस्लामच्या गाभ्याशी तौहीद आहे: अल्लाह एक, त्याला जोडीदार नाही. त्याच्या अधिकारात दुसऱ्या कोणाला वाटेकरी करणे म्हणजे शिर्क, सर्वांत मोठे पाप. त्यापाठोपाठ त्याच्या दूतांवर, त्याने पाठवलेल्या ग्रंथांवर, पैगंबरांवर, निवाड्याच्या दिवसावर आणि विधिलिखितावर विश्वास येतो. आचरणाचे स्तंभ पाच: कलमा (श्रद्धेची ग्वाही), नमाज, रोजा, जकात आणि हज. यातली नमाज, रोजा, पैगंबर ही नावे अरबी नाहीत, फारसी आहेत. कुराणात नमाजेला सलात, रोज्याला सौम आणि पैगंबराला नबी किंवा रसूल म्हटले आहे. देवासाठी आपल्या तोंडी आलेला ‘खुदा’ही फारसीच. म्हणजे महाराष्ट्रापर्यंत हा धर्म बोलत आला तो इराणी वळणाच्या दरबाराची भाषा. दरबारासोबत धर्म नसलेलेही बरेच काही आले, आणि चांद्याच्या वाट्याला मुख्यतः तेच आले.

त्यातला सर्वांत ठळक शब्द ‘शहा’. चांद्याचे गोंड राजे बल्लाळशहा, खांडक्या बल्लाळशहा, हिरशहा, बीरशहा अशी नावे लावत. मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्त अहवालात राजघराण्याच्या परंपरा नोंदल्या आहेत. त्यातली एक सांगते की एका बल्लाळसिंहाने दिल्लीच्या बादशहासाठी किल्ला जिंकून दिला, म्हणून त्याला शहा ही पदवी मिळाली. दंतकथा खरी असो वा नसो, तिचा आशय बोलका आहे: खुद्द घराण्याच्या स्मृतीत हा शब्द पराक्रमाचे बक्षीस म्हणून आला, दीक्षेची खूण म्हणून नव्हे. ‘शाह’ कुराणातला शब्दच नाही. इस्लामच्या आधी इराणचे सम्राट तो लावत होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाची आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची दखल घेतली. १६६७ मध्ये मोगल सरदार दिलेरखान फौज घेऊन आला तो खंडणीसाठी. मोगलांना चांद्याकडून हिरे, हत्ती आणि पैसा हवा होता. चांद्याला त्यांच्याकडून मान्यता हवी होती. या देवघेवीत कलम्याला जागाच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मग चंद्रपुरातल्या घुमटाचे काय? अचलेश्वर मंदिराशेजारी राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधवली; तिची कमान, तिचा घुमट सरळ सरळ दख्खनी मुसलमानी वळणाचा आहे. शहराच्या कोटाला पठाणपुरा दरवाजाही आहे. पण ज्या हिराईने हा घुमट उभारला, तिचेच नाव महाकालीच्या मंदिराशी जोडले जाते. घुमट ही त्या काळची राजेशाही दाखवायची रीत होती. गवंड्याचे कसब धर्म विचारून चालत नाही. पठाणपुरा हे नावही इतकेच सुचवते की शहरात पठाणांची वस्ती होती. खरे धर्मांतर कसे दिसते, हे पाहायला शेजारच्या देवगडला जावे लागते. तिथला गोंड राजा बख्तबुलंद याने औरंगजेबाच्या मदतीने गादी मिळवताना इस्लाम स्वीकारला. पुढे नागपूर शहर वसवण्याचे श्रेय त्याच्याकडेच जाते. त्याचे घराणे मुसलमान राहिले, तरी गोंड कुळांशी सोयरीक तुटली नाही, आणि प्रजा राजामागे मशिदीत गेली नाही. राजाने कलमा पढला तरी गाव हलत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

मग गाव केव्हा हलते? पूर्व बंगालचा इतिहास याचे उत्तर सुचवतो. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी दाखवले आहे की मोगल काळात तिथले जंगल तोडून भातशेती वसवणाऱ्यांचे म्होरके अनेकदा पीर आणि मशिदींसाठी सनदा मिळालेले लोक होते. नवी जमीन, नवे गाव आणि नवा धर्म तिथे एकत्र आले. चांद्यातही रान तोडून भात पिकवला गेला, पण त्याची सूत्रे गोंड राजाच्या हाती होती. जो तलाव बांधेल त्याला जमीन, अशी तुकूमची पद्धत इथे चालली. चंद्रपुरातल्या तुकूम वस्तीच्या नावात ती अजून ऐकू येते. पाणी अडवणारा माणूस इथे पीर नव्हता. तो राजाची सनद घेतलेला कोहळी किंवा कुणबी होता. आत दाट रानात तर नांगरच उशिरा पोहोचला. त्यातून गोंडांचा देव हा केवळ पूजेचा विषय नव्हे. कुळ किती देवांचे, सहा की सात, यावर सोयरीक ठरते. समान देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. तिथे ‘देव एकच’ हे मान्य करायचे, तर लग्नाची गाठ कशी मारायची हाही प्रश्न नव्याने सोडवावा लागला असता.

दुसरा आक्षेप दर्ग्यांचा. वर्धा जिल्ह्यात, चंद्रपूरच्या सीमेजवळ गिरडची शेख फरीदांची टेकडी आहे. गडचिरोलीच्या सिरोंच्यात वली हैदरशहांचा दर्गा आहे. तिथे सर्व जातिधर्मांची माणसे नवस बोलतात, संदल-उरुसाला गर्दी करतात. ही श्रद्धा नव्हे काय? आहे, पण कशावर, ते पाहावे लागेल. ‘वली’ म्हणजे अल्लाहचा मित्र. ‘उरूस’ म्हणजे लग्न, कारण संताचा मृत्यू हे त्याचे ईश्वराशी मीलन मानले जाते. मुसलमानांतच यावर जुना वाद आहे. वलीला मध्यस्थ मानून अल्लाहकडे मागणे हा वसीला, असे एका पक्षाचे म्हणणे. कबरीपाशी मागणे शिर्ककडे नेते, असे दुसऱ्याचे. नवस बोलणाऱ्या गोंडाला, कुणब्याला किंवा तेलुगू भाविकाला हा वाद सोडवावाच लागत नाही. त्याच्या लेखी पीर हा पावणाऱ्या दैवतांतला आणखी एक. त्याची निष्ठा खरी आहे, पण ती तौहीद नव्हे. आणि ती कमी दर्जाची ठरवण्याचेही कारण नाही.

यातून इथला मुसलमान समाज नावापुरता आहे, असा अर्थ कोणी काढू नये. राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते; तिथे उर्दू ही कारभाराची भाषा होती. राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर इथे नोकरी, व्यापार, कोळसा आणि कारखान्यांच्या निमित्ताने वसलेल्या घरांत जकात म्हणजे जकातच, रोजा म्हणजे रोजाच. शब्द आणि श्रद्धा तिथे एकत्र नांदतात, कारण ती एकत्रच आली. म्हणून इस्लामच्या संज्ञा शिकणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक शब्दापुढे दोन घरे आखावीत: धर्मात त्याचा अर्थ काय, आणि या मातीत त्याचे काय झाले. बीरशहाच्या नावावरून त्याला मुसलमान ठरवणारा आणि दर्ग्यातल्या नवसाला धर्मांतराची पहिली पायरी समजणारा, दोघेही एकच चूक करतात. ते पहिले घर भरतात आणि दुसरे कोरे सोडतात. चांद्याचा इतिहास त्या दुसऱ्या घरात लिहिलेला आहे.