तीन सुती बोल्टची चूक

जुनी फियाट किंवा विलीज जीप खोलली, की एखाद्या भोकाचे आटे गेलेले हमखास सापडतात. अमरावतीच्या राजापेठेत एखादा मिस्त्री असे इंजिन खोलतो, तेव्हा त्याच्या हाती वऱ्हाडातल्या यंत्रांचा सगळा इतिहास येतो.

१८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवीने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणला. मागोमाग रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगची विलायती यंत्रे आली आणि त्यांच्यासोबत जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेला ५५ अंशांचा आटा आला. मूर्तिजापूरहून अचलपूर-यवतमाळकडे एकेकाळी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले. व्हिटवर्थचा कारखानाही त्याच शहरातला. हे इंजिन १९९४ पर्यंत राबले!

१९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिचा आटा अमेरिकन, ६० अंशांचा. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरमधून फियाट आली, ती मिलिमीटरच्या मापाची.

घोटाळा इथेच झाला. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या बोल्टला विलायती मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन मापात १३. चुकीचा बोल्ट लगेच अडतो आणि भोक वाचते. तीन सुतीला मात्र दोन्हीकडे १६च. बोल्ट मुकाट आत जातो, पण कोन जुळत नसल्याने आटा नीट टेकत नाही. वर पान्याचा जोर पडला, की झिजत झिजत एक दिवस आटे सुटतात. जुन्या इंजिनांचे वय झाले म्हणून हळहळण्याआधी डब्यात हाताला लागेल तो बोल्ट ठोकण्याची ही सवय आठवावी.

फियाटचे हेड ॲल्युमिनियमचे, त्यामुळे तिथे १४ मिलिमीटरच्या प्लगचे आटे फार नाजूक. तापल्या हेडात प्लग आवळला किंवा पहिला फेरा तिरपा गेला, तरी ते जातात. पूर्वी भोक मोठे करून, लेथवर कातलेला बुश बसवत. १९३० च्या दशकात विमानांच्या हलक्या इंजिनांसाठी तारेचे वेटोळे निघाले, तेच हेलीकॉइल. ते बसवण्याआधी भोकात नवे आटे पाडायचे: टॅपला घासलेट लावायचे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून बाहेर येतो. वेटोळे आत बसले, की त्याचे टोक मोडून काढायचे. मग प्लग आधी उलटा फिरवायचा. आटा आट्यात पडल्याचे बोटांना कळले, की सुलटा, आणि पहिले फेरे हातानेच.