‘तुम्ही कुठवर खेळलात?’ : शिवाजी पार्क, कुपरेज आणि दोन गुरू

#थ्रेड

१) परळच्या एका मैदानावरचा रविवार. पंचविशीतला एक प्रशिक्षक दहा-बारा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवत होता. कडेला उभ्या असलेल्या एका पालकांनी विचारले, “सर, तुम्ही स्वतः कुठवर खेळलात?” तो म्हणाला, “कॉलेजपर्यंत.” पालकांनी नुसती मान हलवली. पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा आला नाही.

२) प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. पोहायला शिकवणाऱ्याला पोहता यायलाच हवे. पण उत्तम पोहता येणे आणि दुसऱ्याला पोहायला शिकवता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत. मुंबईच्या क्रीडा-इतिहासात हा भेद फार ठळक दिसतो. तो समजून घेण्यासाठी आधी दादरला आणि मग कुपरेजला जाऊ.

३) रमाकांत आचरेकर. जन्म १९३२, मालवणचा. ऐन तारुण्यात न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब, यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा संघांतून ते क्रिकेट खेळले. प्रथम श्रेणीचे सामने किती? एक. १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघातून, हैदराबादविरुद्ध. बस, तेवढाच.

४) म्हणजे आपल्या परळच्या पालकांनी आचरेकर सरांना तोच प्रश्न विचारला असता, तर उत्तर जवळपास तेच मिळाले असते. तरीही बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार हे सारे त्यांच्या हाताखालून गेले. आणि सचिन तेंडुलकर तर आहेच.

५) हे घडले कसे? केवळ ‘पारखी नजर’ म्हणून सोडून देणे म्हणजे इतिहास टाळणे होय. सरांची पद्धत नीट पाहिली, तर तिचा गाभा नेट्समध्ये नव्हता, सामन्यात होता. मुलाने चुका कराव्यात त्या सामन्यात, आणि त्या सुधाराव्यात त्याही सामन्यात. त्यासाठी मुलाला रोज सामना मिळवून देणे हे प्रशिक्षकाचे काम.

६) सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेल्याची आठवण प्रसिद्ध आहे. आपण ती गुरुशिष्याच्या मायेची गोष्ट म्हणून ऐकतो. ती माया होतीच. पण ती मुंबईच्या मैदानांच्या दाटीचा चतुर उपयोगही होती. शिवाजी पार्कवर, आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालत. इथे बाद झालेल्या मुलाला तिथे पुन्हा फलंदाजी मिळवून देता येई.

७) स्टंपवर ठेवलेले रुपयाचे नाणेही तसेच. सचिनला जो बाद करील त्याला ते नाणे. कोणीच बाद करू शकले नाही, तर ते सचिनचे. दिवसभराच्या सरावाने थकलेल्या मुलाला अखेरच्या काही मिनिटांत सामन्याइतके सावध ठेवण्याची ही युक्ती. तिला खर्च एका रुपयाचा, आणि त्यामागचे ज्ञान मात्र खेळाडूच्या मनाचे.

८) दुसरी शिडी शाळेची. गाइल्स आणि हॅरिस शिल्ड या आंतरशालेय स्पर्धांमुळे मुंबईत शालेय क्रिकेटला वृत्तपत्रांत जागा मिळे. आचरेकर दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे प्रशिक्षक. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सचिन (नाबाद ३२६) आणि विनोद (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या दोन मुलांबरोबर त्यांच्या सरांचे नावही देशभर पोहोचले.

९) १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. ज्याच्या नावावर प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना, त्याचे स्मारक शिवाजी पार्कवर!

१०) “पण हे क्रिकेट झाले, फुटबॉलचे काय?” म्हणून आता कुपरेज. चर्चगेटहून चालत जाता येईल असे हे मैदान. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स कप ही देशातील जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स संघाने ती मोडली.

११) मग १९५० साल उजाडले. हैदराबाद सिटी पोलीस नावाचा संघ मुंबईत आला आणि रोव्हर्स कप घेऊन गेला. १९५१ मध्ये पुन्हा. १९५२, १९५३, १९५४ मध्येही. सलग पाच वर्षे! या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर.

१२) रहीम यांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठ आणि हैदराबादचे स्थानिक क्लब एवढाच त्यांच्या स्वतःच्या खेळाचा परीघ. पण मास्तर असल्यामुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : मुलाला जे येत नाही, तेच त्याच्याकडून करून घ्यावे लागते, जे येते ते तो आपणहून करतोच.

१३) म्हणून त्यांनी अजब स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरीत फक्त कमजोर पायाने खेळायचे. वैयक्तिक कसबावर टाळ्या मिळण्याच्या त्या काळात त्यांनी नियमच असे बदलले की, पास दिल्यावाचून गत्यंतर उरू नये. वर्गातला स्वाध्याय त्यांनी मैदानावर आणला, असे म्हणायला हरकत नाही.

१४) याच मास्तरांकडे भारतीय संघ आला. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हाच देश चौथा आला.

१५) मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. मूळचे गोव्याचे नेव्हिल मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. आज वांद्र्याच्या ज्या मैदानावर मुंबईतील लीगचे सामने होतात, त्याला त्यांचेच नाव आहे. तिथे खेळणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल की, नेव्हिल यांच्या त्या संघाचे प्रशिक्षक एक शाळामास्तर होते?

१६) १९६२, जकार्ता. रहीम यांना कर्करोग झाला होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून पराभव. पुढे जर्नेल सिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. हेडिंगच्या भरवशाचा बचावपटू बचावात ठेवणे धोक्याचे झाले. रहीम यांनी त्याला बसवले नाही, आघाडीला खेळवले. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही. दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव, भारताला सुवर्ण. पुढच्या जूनमध्ये रहीम वारले.

१७) ‘मैदान’ (२०२४) हा चित्रपट पाहिलेल्यांना ही कथा माहीत असेल. पण एक योगायोग ध्यानात घ्या. रहीम गेले ते १९६३ मध्ये. आणि आचरेकरांचा तो एकुलता एक सामना १९६३-६४ च्याच हंगामात, हैदराबादविरुद्ध. दोघांची भेट झाली नसेल, खेळही निराळे. तरी दोघांच्या आयुष्याचा सांगाडा चकित करणारा सारखा आहे.

१८) तो सांगाडा कोणता? इथे या धाग्याचा खरा मुद्दा येतो. दोघांनाही पगार दुसरीकडून मिळत होता. रहीम यांना शाळेची नोकरी, आचरेकरांना स्टेट बँकेची. पंधरा-वीस वर्षे मुलांमागे घालवण्याची चैन त्यांना परवडली, कारण घरची चूल प्रशिक्षणावर अवलंबून नव्हती.

१९) आणि ‘व्यावसायिक खेळाडू’ तरी तेव्हा कोण होते? राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली १९९६ मध्ये. त्यापूर्वी मुंबईचे फुटबॉलपटू टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा अशा कंपन्यांच्या संघांतून खेळत. पोलीस, रेल्वे, बँका, गिरण्या हेच खेळाचे आश्रयदाते होते. खेळाडू, पंच, प्रशिक्षक हे सारेच नोकरदार. त्यामुळे खेळाडू आणि मास्तर यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती.

२०) भिंत नंतर उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. गिरणगावाचा कणा मोडला आणि कामगार वस्तीतल्या खेळाचा आधारही त्याबरोबर खचला. पुढे लीगचा काळ आला. खेळणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. निवृत्त खेळाडूने प्रशिक्षक होणे हा राजमार्ग ठरला. खालिद जमील याच वाटेचे : आधी महिंद्रा युनायटेडचे खेळाडू, मग कुपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक, आणि २०२५ मध्ये भारतीय संघाचे. हा मार्ग वाईट नाही. पण तो एकमेव नव्हता.

२१) जगातही नव्हता. अरिगो साक्की बुटांच्या कारखान्याचे विक्रेते होते. १९८९ आणि १९९० मध्ये त्यांच्या मिलानने युरोपियन कप जिंकला. जोझे मोरिन्यो बॉबी रॉबसन यांचे दुभाषे म्हणून स्पोर्टिंग लिस्बनमध्ये शिरले; २००४ मध्ये पोर्तोसह चॅम्पियन्स लीग जिंकून बसले. दोघांनीही मोठ्या संघापर्यंत पोहोचण्यापूर्वी वर्षानुवर्षे लहान मुले, दुय्यम संघ आणि दुसऱ्यांचे सराव पाहिले होते.

२२) आज दाराची किल्ली निराळी आहे : परवाना. डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या. डी परवान्यासाठी तुम्ही व्यावसायिक खेळाडू असण्याची अट नाही. म्हणजे कागदावर दार रहीम यांच्या काळापेक्षा अधिक उघडे आहे. शाळामास्तराच्या अनुभवाला तेव्हा प्रमाणपत्र नव्हते. आता ते मिळू शकते.

२३) पण कागदामागचा प्रश्न शिल्लक राहतो. प्रत्येक पायरीला शुल्क आहे, वेळ आहे, आणि दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष शिकवण्याची वर्षे आहेत. त्या वर्षांत घर कोण चालवणार? रहीम यांच्यामागे शाळा होती, आचरेकरांमागे बँक. परळच्या त्या तरुणामागे आहे दर मुलामागची मासिक फी. एक मुलगा येईनासा झाला, की तीही घटते.

२४) म्हणून ‘न खेळताही मोठा गुरू होता येते’ हे या इतिहासाचे अर्धेच तात्पर्य. उरलेले अर्धे असे की, त्या गुरूंना शिकण्यासाठी कोणीतरी सवड दिली होती. प्रतिभा त्यांची होती. सवड मात्र समाजाने, नोकरीने, शाळेने पुरवली. दुसरी बाजू वगळून पहिली सांगितली, की इतिहासाचे प्रेरणादायी सुविचार होतात.

२५) तेव्हा पुढच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहाल, तेव्हा प्रश्न बदलून पाहा. “तुम्ही कुठवर खेळलात?” याऐवजी : “किती वर्षे शिकवताय? तुमच्याकडची मुले पुढे कुठवर गेली?” आचरेकर आणि रहीम या दोघांनाही या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक सामना पुरला नसता, एक अख्खी दुपार लागली असती.

२६) शेवटची विनंती. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथे शाळा सुटल्यावर पदरमोड करून मुलांना खेळ शिकवणारे मास्तर, कारकून, गिरणी कामगार होऊन गेले. त्यांची नोंद कुठल्याही धावफलकात नाही. तुमच्या घरात कोणाला त्यांच्या आठवणी असतील, तर त्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या : साल, मैदान, संघ, शिकवण्याची पद्धत. उद्याच्या इतिहासकाराला तेवढे पुष्कळ आहे.

#थ्रेड समाप्त